साठ टक्क्यांची बाटली, मे महिन्यातला उकाडा आणि चमचाभर पाणी

प्रश्न देवगडहून आलाय, थोडक्यात असा. मेहुण्याने दुबई विमानतळावरून एक स्कॉच सिंगल माल्ट आणली. बाटलीवर लिहिलंय ‘कास्क स्ट्रेंथ, 60 टक्के’. मे महिन्यात एका संध्याकाळी तिघांनी ती उघडली. कोरी घेतली तर नाकात झिणझिण्या आणि जिभेला चटका. मग नेहमीच्या सवयीने ग्लासभर पाणी ओतलं, तर चव पार गेली आणि ग्लास गढूळ झाला. विचारलंय असं: माल बनावट आहे का? पाणी नेमकं किती घालायचं? आणि सगळ्या बाटलीत एकदमच पाणी मिसळून ठेवलं तर चालेल का?

गढूळ झाली म्हणून बनावट, असं मुळीच नाही. त्याचं कारण पुढे सांगतो. आधी त्या चटक्याबद्दल, कारण माझ्या मते तुमची संध्याकाळ तिथेच बिघडली. तुम्ही अल्कोहोलला दोष दिलात, पण निम्मा दोष मे महिन्याचा होता.

मी बरीच वर्षं गोव्यात एका डिस्टिलरीच्या मुरवणी विभागात काढली. पिंपांतून नमुने काढायचे, हुंगायचे, पाणी घालून पुन्हा हुंगायचे, वहीत लिहायचं. आता वेंगुर्ल्याला घरी असतो. स्कॉटलंडच्या पुस्तकी सल्ल्यात ‘रूम टेंपरेचर’ हा शब्द येतो तेव्हा लिहिणाऱ्याच्या डोक्यात 18-20 अंशांची खोली असते. आपल्याकडे मे महिन्यात पडवीत संध्याकाळी सातलाही 30 असतं. 20 अंशांवरून 30 वर गेलं की शुद्ध अल्कोहोलचा बाष्पदाब जवळजवळ पावणेदोन पट होतो. म्हणजे त्याच ग्लासातून त्याच वेळात कितीतरी जास्त अल्कोहोल उडून नाकावर येतं. नाक बधिर झालं की मागचा मनुका, संत्र्याची साल, दालचिनी काहीच पोचत नाही. माणूस म्हणतो, फार कडक आहे, आण पाणी. खरं तर आधी थंडावा आणायला हवा होता.

म्हणून कोकणासाठी माझा पहिला नियम: आधी गारवा, मग पाणी. बाटली फ्रिजच्या दारात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. फ्रीजरमध्ये नको. लाइट गेले असतील (मे महिन्यात जातातच) तर ग्लास ओतून झाल्यावर गार पाण्याच्या वाटीत बुडाशी टेकवून ठेवा, खीर गार करतात तसा. ग्लास हाताला किंचित गार लागला की पुरे. बर्फ घातलात तर दुसऱ्या टोकाला जाल. व्हिस्की इतकी गार होते की वास मिटून बसतो, आणि वितळणारं पाणी किती गेलं ते तुमच्या हातात राहत नाही. रोजच्या व्हिस्कीत बर्फ घाला, माझं काही म्हणणं नाही. पण इतकी महागाची बाटली समजून घ्यायची असेल तर बर्फ बाजूला.

आणि पंखा बंद. घाम आला तरी चालेल, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. डोक्यावर पंखा फिरत असताना ग्लासाच्या तोंडाशी काही साठतच नाही. मच्छर अगरबत्ती, देवघरातला धूप, आत तळले जाणारे बांगडे, हे सगळं नाकाशी स्पर्धा करतं. आम्ही कामाचं हुंगणं सकाळी अकराच्या सुमारास, जेवणाआधी उरकायचो. तुम्ही सकाळी पिऊ नका, पण जेवणाआधी तास-दीड तास तरी निवडा.

आता कास्क स्ट्रेंथ म्हणजे काय, ते दोन शब्दांत. पिंपातून काढल्यावर बाटलीत भरताना पाणी मिसळलेलं नाही, एवढाच अर्थ. स्कॉटलंडात नवा स्पिरिट पिंपात भरताना साधारण 63.5 टक्क्यांवर आणून भरायची पद्धत आहे. तिथल्या गार, दमट गोदामात तो वर्षांनुवर्षं हळूहळू उतरतो. बाटलीत येताना तो बहुधा 55 ते 62 च्या दरम्यान असतो. ‘एकाच पिंपातली’ असा मात्र त्याचा अर्थ नाही. पुष्कळ पिंपं एकत्र करूनही कास्क स्ट्रेंथ भरतात.

जुन्या ब्रिटिश मोजणीत 57.1 टक्के म्हणजे 100 प्रूफ. ग्लेनफार्क्लास या स्कॉचच्या ‘105’ नावाच्या बाटलीवरचा आकडा तिथूनच आला, 105 प्रूफ म्हणजे 60 टक्के. आणि तुमच्या कपाटातल्या देशी बाटलीवर जो विचित्र 42.8 आकडा असतो तोही तिथलाच, 75 प्रूफ, म्हणजे प्रूफच्या 25 खाली. इंग्रज गेले, त्यांचा काटा लेबलावर राहिला.

हिशेब सोपा आहे. 30 मिली 60 टक्क्यांच्या व्हिस्कीत 6 मिली पाणी घातलं की ती 50 वर येते. 9 मिली घातलं की 46 वर. 15 मिली घातलं की 40 वर, म्हणजे दुकानातल्या साध्या स्कॉचइतकी. 30 मिली, म्हणजे निम्मं-निम्मं, घातलं की 30 वर. तुम्ही ‘ग्लासभर’ म्हणता ते निदान 120 मिली धरलं तर तुमची व्हिस्की 12 टक्क्यांवर आली. ती वाइन झाली हो. तिच्याकडून आणखी चव कुठली मागणार?

दुसरी बाजूही याच हिशेबात आहे. 60 टक्क्यांचा 30 मिलीचा छोटा पेग म्हणजे 40 टक्क्यांचा 45 मिली. मोठा पेग सरळ 90 मिलीच्या बरोबरीचा. पाणी घातल्याने अल्कोहोल कमी होत नाही, फक्त पसरतं. मोजून घ्या, आणि नंतर गाडी काढू नका.

तर पाणी कसं घालायचं. मेडिकलमधून 5 मिलीची सिरिंज आणा, सुई नको. ग्लास ट्युलिपसारखा, पोट रुंद आणि तोंड निमुळतं असा असेल तर उत्तम. नसेल तर घरातला लहान काचेचा वाइनग्लास चालतो. जाड बुडाचा रुंद तोंडाचा ग्लास पार्टीत शोभतो, हुंगायला निरुपयोगी. ग्लासात 20 मिली ओता, हलवू नका, पाच मिनिटं तसाच ठेवा.

मग नाक एकदम ग्लासात खुपसू नका. ग्लास हनुवटीशी धरा आणि हळूहळू वर आणा. जिथे वास लागतो पण टोचत नाही तिथे थांबा. तोंड किंचित उघडं ठेवलंत तर टोचणी आणखी कमी होते. पहिला घोट कोराच घ्या, पण घोट म्हणजे अर्ध्या चमच्याहूनही कमी. जिभेवर फिरवा, लाळेत मिसळू द्या, मग गिळा. लाळ हेही पाणीच आहे. म्हणून तो कोरा घोट तोंडातच उतरत जातो आणि चव शेपटाकडे उमलते. पहिल्या घोटावरून निकाल देऊ नका. तो जिभेला फक्त वर्दी देतो.

आता सिरिंजने 2 मिली पाणी, ग्लासाच्या कडेने. उजेडासमोर धरून बघा. पाण्यात साखरेचा पाक ओतला की पारदर्शक दोरे वळवळत खाली जाताना दिसतात ना, अमृत कोकम करताना दिसतात ते? तसेच दोरे इथे दिसतील, पातळ, तेलकट, क्षणभर. दोन द्रवांची घनता आणि प्रकाश वळवण्याची रीत वेगळी, म्हणून ते दिसतात. चाळीस टक्क्यांच्या व्हिस्कीत ते फिके असतात, साठच्या व्हिस्कीत ठळक. मला अजूनही ते बघायला आवडतं. बावीस वर्षांच्या पगारी कामातही त्याचा कंटाळा आला नाही.

तीन मिनिटं थांबा. हे थांबणं लोक गाळतात. पाणी आणि अल्कोहोल मिसळताना किंचित उष्णता निघते, आकारमानही आक्रसतं. 50 मिली शुद्ध अल्कोहोल आणि 50 मिली पाणी मिळून 100 होत नाही, 96-97 च होतं. ही गडबड शमू द्या. लगेच हुंगलंत तर उडालेल्या अल्कोहोलचाच एक झोत येतो आणि वाटतं, पाण्याने आणखी बिघडली.

मग पुन्हा हुंगा, पुन्हा छोटा घोट. पुन्हा 2 मिली. असं चार-पाच वेळा. वहीत प्रत्येक पायरीला एक-दोन शब्द लिहा, मालवणीत लिहिलेत तरी उत्तम. ‘फणसाची चारखंडं’, ‘जुन्या कपाटाचो वास’, ‘सुक्या खजुराचो’ असंच लिहा. ‘फ्लोरल’, ‘फ्रुटी’ असले उसने शब्द लिहिलेत तर आठवड्याने तुम्हालाच काही आठवणार नाही. कुठेतरी एका पायरीला ती व्हिस्की उघडेल, आणि त्यापुढच्या एक-दोन पायऱ्यांत पाणचट होऊ लागेल. त्याच्या अलीकडची जागा तुमची. शेरी पिंपांतल्या (ज्यांत आधी शेरी नावाची वाइन होती) बहुतेक व्हिस्कींना माझी जागा 50 च्या आसपास येते. मेहुण्याची 54 ला येईल, तुमची 46 ला. भांडू नका.

हे नुसतं आमचं खूळ नाही. 2017 साली स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन या दोघांनी संगणकावर पाणी, अल्कोहोल आणि ग्वायकॉल यांचं मिश्रण मांडून पाहिलं. ग्वायकॉल म्हणजे व्हिस्कीला धुरकट वास देणाऱ्या रेणूंपैकी एक. अल्कोहोल 45 टक्के किंवा कमी असताना ग्वायकॉल पृष्ठभागाकडे राहतं, म्हणजे नाकाच्या वाटेवर. 59 टक्क्यांच्या वर गेलं की अल्कोहोलचे रेणू त्याला गराडा घालतात आणि ते आत ओढलं जातं. तुमची बाटली 60 ची, म्हणजे बरोबर त्या उंबऱ्यावर. अर्थात खऱ्या व्हिस्कीत शेकडो घटक असतात आणि ते सगळे ग्वायकॉलसारखे वागत नाहीत, म्हणून मी त्या आकड्यांना वेदवाक्य मानत नाही. पण धुराच्या व्हिस्कीत चमचाभर पाणी घातल्यावर धूर का उसळतो, ते त्यातून पटतं.

उलट टोकाचं काम अमेरिकेत झालं. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 25 व्हिस्की वेगवेगळ्या प्रमाणात पातळ करून माणसांना हुंगायला दिल्या. 80 भाग व्हिस्की आणि 20 भाग पाणी इथवर ठीक होतं. त्यापुढे एकाच प्रकारातल्या व्हिस्की एकमेकींसारख्या वास देऊ लागल्या. स्कॉच आणि बर्बन यांतला फरक कळत राहिला, पण दोन स्कॉचमधला पुसट झाला. तुमच्या 30 मिलीत 20 टक्के पाणी म्हणजे साडेसात मिली. दीड चमचा.

मग ब्लेंडर लोक, म्हणजे वेगवेगळ्या पिंपांतला माल जुळवणारे, अल्कोहोल 20 टक्क्यांवर येईपर्यंत पाणी घालून का हुंगतात, असं कुणी विचारेल. आम्हीही तेच करायचो, पण पिण्यासाठी नाही. तो दोष शोधायचा उद्योग. इतक्या पातळ नमुन्यात गंधकाचा, ओल्या पुठ्ठ्याचा, कुजक्या पिंपाचा वास लपत नाही, आणि दिवसात साठ-सत्तर नमुने हुंगूनही नाक शाबूत राहतं. डॉक्टर एक्स-रे बघतो म्हणून आपण फोटो एक्स-रेचा लावत नाही भिंतीवर.

पाणी कुठलं, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण कोकणात तोच पहिला विचारायला हवा. माझ्याच घरची गोष्ट. ओळखीच्या एकाने आपल्या विहिरीचं पाणी मोठ्या अभिमानाने आणलं, जांभ्यातली विहीर, पाणी गोड. व्हिस्कीत घातलं आणि पाच मिनिटांत सोनेरी रंग काळपट झाला, शाई सांडल्यासारखा. सगळे घाबरले. झालं इतकंच होतं की त्या पाण्यात लोह होतं, आणि ओकच्या लाकडातून आलेल्या टॅनिनशी लोह भेटलं की काळा रंग होतो. हिरड्याच्या काढ्यात लोखंड पडलं की शाई होते, तीच ही गोष्ट. विष वगैरे काही नव्हतं, पण चव धातूची झाली आणि ग्लास फेकावा लागला.

किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, तेही पाणी नको. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर धुरकट व्हिस्कीतल्या फिनॉलशी त्याचं जमतं आणि इस्पितळाचा वास येतो. एरवी आपण मोठ्या प्रेमाने पितो ते माठातलं पाणीही इथे चालत नाही, त्याला मातीचा वास असतो. वाळा घातलेलं तर मुळीच नाही. एकदा आमच्याकडे चुकून तेच पाणी टेबलावर आलं आणि दोन जाणकार पाहुणे दहा मिनिटं त्या ‘फुलांच्या सुगंधा’बद्दल बोलत होते. मी गप्प बसलो. साधं आरओचं किंवा बाटलीबंद पाणी घ्या, व्हिस्कीइतक्याच गारव्याचं. बस.

आता गढूळपणा. धान्य आंबवताना यीस्टमुळे व्हिस्कीत काही मोठे, तेलकट रेणू येतात, इथाइल लॉरेट, इथाइल पाल्मिटेट अशा नावांचे. जोरकस अल्कोहोलमध्ये ते विरघळलेले राहतात. साधारण 46 टक्क्यांच्या खाली आलं, किंवा गार केलं, की ते बाहेर पडतात आणि धुकं दिसतं. बाजारातल्या बहुतेक व्हिस्की थंड करून गाळतात ते याचसाठी, गिऱ्हाइकाने दुकानात परत आणू नये म्हणून. कास्क स्ट्रेंथ बहुधा तशी गाळत नाहीत. तेलकट रेणू गेले की तोंडातला भरदारपणाही थोडा जातो, असं माझं मत. सोलकढी पारदर्शक नसते म्हणून कुणी परत पाठवत नाही.

बनावटगिरीचा संशय खरंच फेडायचा असेल तर भट्टीवाल्यांची एक युक्ती आहे. काजूची फेणी काढणारे बाटली झटकून वर येणारे बुडबुडे बघतात. तुमची बाटली आणि घरातली 42.8 टक्क्यांची बाटली शेजारी धरून सारख्याच झटका. साठवालीत बुडबुडे मोठे येतील आणि जास्त वेळ टिकतील. कुणी आत पाणी मारलं असेल तर तिथेच कळतं. दर्जा मात्र कळत नाही, नुसता जोर कळतो.

खाण्याबद्दल एकच सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी खाऊन व्हिस्की चाखायला बसू नका. तिरफळाने जीभ झिणझिणते, बधिर होते, आणि ती झिणझिण तुम्ही व्हिस्कीच्या नावावर टाकता. मी एकदा जेवणानंतर एका नमुन्याला ‘तीव्र मिरमिरीत, टोचरी’ असं लिहून नापास केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच नमुना मधासारखा लागला. वहीतली ती ओळ अजून आहे. मध्ये तोंड साफ करायला साधं पाणी आणि भाजलेल्या पोह्यांची मूठ. खारे काजू नंतर.

पुढची बाटली देशी घ्यायचा विचार असेल तर एक फरक लक्षात ठेवा. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीची कास्क स्ट्रेंथ 61.8 टक्क्यांची मिळते. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे, त्यांच्याही कास्क स्ट्रेंथ 55 च्या आसपास आहेत. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला 2 टक्क्यांच्या आसपास उडून जातं, आपल्याकडे त्याच्या चार-पाच पट. उकाड्यात लाकूड भराभर उतरतं. त्यामुळे पाच-सहा वर्षांत रंग आणि ओक भरपूर येतो. अशा व्हिस्कीत पाणी जास्त गेलं की गोडवा मागे सरतो आणि लाकडाचा कडवटपणा पुढे येतो, उकळून ठेवलेल्या चहासारखा. स्कॉचला जितकं घालाल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा. आणि गोव्यातून बाटली आणताना महाराष्ट्राचा परवाना लागतो, बांदा-इन्सुलीच्या नाक्यावर तो विचारतातही. 25 वर्षांखालच्या भाच्याला तर टेबलावर बसवूच नका.

राहिला शेवटचा प्रश्न, सगळ्या बाटलीत एकदम पाणी घालण्याचा. 700 मिलीची 60 टक्क्यांची बाटली 46 वर आणायला साधारण 213 मिली पाणी लागेल, म्हणजे ती बाटलीत मावणारच नाही. आणि एकदा घातलेलं पाणी काढता येत नाही. पण कल्पना वाईट नाही. डिस्टिलरीतही बाटलीत भरण्याआधी पाणी टप्प्याटप्प्याने घालतात आणि मिश्रण काही दिवस तसंच ठेवतात. तेच लहान प्रमाणात करून बघा. काचेची स्वच्छ बाटली घ्या, औषधाचा वास नसलेली. त्यात 100 मिली व्हिस्की, 30 मिली पाणी. बूच घट्ट लावून आठ दिवस अंधाऱ्या कपाटात उभी ठेवा. नवव्या दिवशी एका ग्लासात ती, दुसऱ्यात त्याच प्रमाणात ताजं पाणी घातलेली, आणि कुठली कुठली ते घरच्या कुणाला तरी लपवायला सांगा. मला दर वेळी ठेवलेली जास्त गोलसर लागते, ताजी जास्त चुणचुणीत. माझी बायको दोन्ही हुंगते, दर वेळी बरोबर ओळखते, आणि दोन्ही नको म्हणते.